मदत हवी आहे: मनगटावरच्या सेन्सरला घाटातला ताण आणि एप्रिलचं ऊन वेगळं कळत नाहीये

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर, रोजची फेरी घाटातून. घरी आल्यावर विचारलं तर "नेहमीचंच" एवढंच म्हणतात. म्हणून त्यांचा ताण सेन्सरवरून ओळखता येतो का, हाच प्रोजेक्ट घेतला.

मॉडेल (मोजमापांवरून ताण ओळखायला शिकणारा प्रोग्राम) शिकवायला वेसाड हा २०१८ चा, ताणाच्या मोजमापांचा तयार डेटासेट वापरला. १५ जण, छातीवर आणि मनगटावर सेन्सर. ताण आणायला त्यांना परीक्षकांसमोर बोलायला लावलं, मग २०२३ पासून सतरा-सतरा वजा करायला. मी फक्त मनगटाचा डेटा घेतला: त्वचेची विद्युतवाहकता (घामाने ती वाढते) आणि हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर. डेटाचे साठ सेकंदांचे तुकडे, म्हणजे विंडो, केले आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून उत्तर देणारी पद्धत) वापरली. ९७ टक्के अचूकता आली, फार आनंद झाला. सरांनी एकेक माणूस शिकवण्यातून पूर्ण बाहेर ठेवून त्याच्यावर तपासायला सांगितलं, तर आकडा ८० च्या खाली आला.

बाबांनी मनगटावर सेन्सरचा पट्टा बांधून दोन फेऱ्या केल्या. मॉडेलने अख्खी दुपार ताण दाखवला, स्टँडवर चहा पितानासुद्धा! उन्हाचा आणि इंजिनाच्या धगीचा घाम ते ताणच समजतंय, असं मला वाटतं.

हीली आणि पिकार्ड या संशोधकांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या प्रयोगात ताण मोजायला ड्रायव्हरांच्या हाताला आणि पायाच्या तळव्याला सेन्सर लावले होते. बाबांचा डावा पाय सारखा क्लचवर, हात स्टिअरिंगवर. त्यांच्या कामात अडथळा येईल असं काहीही मला लावायचं नाही. मग घाम वेगळा कसा काढू? आणि ताण नेमका कधी होता, हे ठरवायचं कसं?

प्रतिसाद:
९७ चा आकडा विसर. विंडो एकमेकींवर चढलेल्या असतील, तर एकाच मिनिटाचे तुकडे ट्रेनिंगमध्येही जातात आणि टेस्टमध्येही, म्हणजे मॉडेल आधी पाहिलेलंच ओळखतं. खरा आकडा सरांचा.

भावनेचा घाम तळहात-तळव्यांवर जास्त येतो, मनगटावर उकाड्याचा वरचढ ठरतो. त्यामुळे दुपारी वाहकतेवर फार भिस्त ठेवू नकोस. पट्ट्यात तापमान आणि हालचालीचे सेन्सर असतील तर तेही मॉडेलला दे. बाबांची स्वतःची बेसलाइन (निवांत असतानाची मोजमापं) घे, पंधरा परक्या माणसांची नको. पहाटेची फेरी मिळाली तर उत्तम: घाट तोच, वळणं तीच, ऊन नाही. दोन्ही वेळा जिथे ठोके बदलतात ती जागा बघ.

लेबलसाठी, म्हणजे ताण कधी होता हे ठरवायला, फेरी संपल्यावर, गाडी उभी असताना, नकाशावर बोट ठेवून "इथे कसं वाटलं?" एवढंच विचार. गाडी चालू असताना काहीच विचारू नकोस. आणि हा डेटा घराबाहेर जाऊ देऊ नकोस. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून बंदी घातली आहे, ती उगाच नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात बाबांना साडेपाचची फेरी आहे. नकाशा छापून ठेवते. दुसऱ्या वळणाबद्दल ते आजच आपणहून बोलले.