तीन डिमर पॅक जोडले, न्यूट्रल फेजपेक्षा जास्त तापतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं मंडळ गावच्या सभागृहात गणपतीत आणि जत्रेला नाटक बसवतं. आतापर्यंत लाइट भाड्याने यायचे, त्यांचाच माणूस जोडून द्यायचा. यंदा मंडळाने सहा चॅनेलचे तीन जुने डिमर पॅक (लाइट मंद-तेज करणारे डबे) विकत घेतले. प्रत्येक चॅनेलवर १००० वॉटचा एक पार (रंगमंचाचा दिवा), म्हणजे एकूण १८ किलोवॉट. सभागृहाला थ्री फेज आहे, म्हणून एकेका फेजवर एकेक पॅक टाकला. मेन बोर्डापासून विंगेपर्यंत तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल केबल आहे. फेज आणि न्यूट्रल एकाच जाडीचे, अर्थ वेगळी ओढली आहे.

चाचणीत सगळे फेडर (मंद-तेज करायच्या सरकपट्ट्या) पूर्ण वर नेले तेव्हा प्रत्येक फेजवर २६ ॲम्पिअर दिसले, न्यूट्रलवर जेमतेम १. इथवर ठीक. मग संध्याकाळच्या प्रवेशासाठी सगळे अर्ध्यावर आणले. फेज १९ वर उतरले आणि न्यूट्रल चढून २७ वर गेला! क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (लहर वेडीवाकडी असली तरी खरा करंट दाखवणारा) आहे, दुसऱ्या मीटरनेही तेच दाखवलं. न्यूट्रल लिंकच्या स्क्रूजवळचं काळं इन्सुलेशन मऊ पडलंय आणि विंगेत उरलेल्या केबलचं वेटोळं हाताला चांगलंच गरम लागतं. लाइट कमी केल्यावर वायर जास्त का तापावी?

दुसरी अडचण : ३० मिलिॲम्पिअरचा एकच ईएलसीबी (अर्थला करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे, तो तिन्ही पॅक चालू केले की पडतो. वायरमन म्हणतो बायपास करू. मला हे अजिबात पटत नाही. रंगमंचावर शाळेतली मुलं अनवाणी नाचतात आणि लाइट लोखंडी पाइपाला टांगलेले असतात. काही पारच्या टॉपची (प्लगची) अर्थची पिनच कुणीतरी कापून टाकलेली आहे.

शिवाय जुन्या बोर्डात न्यूट्रललाही किटकॅट (चिनी मातीचा, तारेचा) फ्यूज आहे. तो तसाच ठेवावा का? आणि चार एलईडी पार आलेत, ते डिमरवर चालतील का?

प्रतिसाद

आधी हे वाचा : हा बोर्ड दुरुस्त होईपर्यंत तालीम साध्या ट्यूबलाइटवर करा.

तुमचं मीटर बरोबर आहे. डिमरमधला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) व्होल्टेज कमी करत नाही, तो प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापतो. लहर पूर्ण असते तेव्हा तीन फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात. कापलेल्या लहरीत तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० च्या तिप्पट १५० हर्ट्झची लहर, शिरतो आणि तिन्ही फेजचा तो एकाच वेळी येतो. त्यामुळे खोडला जाण्याऐवजी त्याची बेरीज होते. अर्ध्यावर न्यूट्रल फेजच्या साधारण १.४ पट जातो, तुमचे आकडे नेमके तेच सांगतायत. म्हणून डिमरच्या फीडरला (बोर्डापासून येणाऱ्या केबलला) न्यूट्रल फेजपेक्षा जाड घ्यायचा. तुमच्यासाठी फेज १० आणि न्यूट्रल १६ स्क्वेअर एमएम, क्रिंप केलेल्या लगसह (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडासह). केबल वेटोळ्यात ठेवायची नाही, जादा असेल तर कापा किंवा जमिनीवर पसरा.

न्यूट्रलचा फ्यूज आजच्या आज काढायला सांगा, त्या जागी घट्ट लिंक हवी. फेज चालू असताना न्यूट्रल तुटला तर ज्या फेजवर लोड कमी, तिथे २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं. तुमचा साउंड मिक्सर त्याच फेजवर असेल तर तो गेलाच. न्यूट्रल तोडायचाच असेल तर चारपोली स्विच, जो तिन्ही फेजबरोबरच न्यूट्रलही सोडतो.

ईएलसीबी पडतो याबद्दल त्याचे आभार माना. डिमरमधला फिल्टर थोडा करंट अर्थला सोडतोच, पण जुन्या पारच्या होल्डरमधला ओलावा आणि जळकी वायर हीही कारणं असतात. डिमर सोडवून ठेवा, फक्त दिवे आणि केबल ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) एकेक तपासा. डिमरला मेगर लावू नका, आतली इलेक्ट्रॉनिक्स जाईल. नंतर प्रत्येक पॅकला स्वतंत्र टाइप-ए आरसीसीबी (ईएलसीबीचंच काम करणारा स्विच) द्या आणि त्याचा न्यूट्रल दुसऱ्या पॅकमध्ये मिसळू देऊ नका, नाहीतर विनाकारण पडत राहील. कापलेल्या पिना बदला. लाइटचा पाइपही जाड हिरव्या वायरने अर्थ करा.

एलईडी पार डिमरवर कधीही नाही, फेडर शंभर टक्क्यांवर असला तरी नाही. त्यांना वेगळ्या एमसीबीवरून थेट सप्लाय, मंद-तेज डीएमएक्सवरून (लाइटला सूचना पाठवणाऱ्या वेगळ्या केबलवरून).

आणखी एक गोष्ट, यातून माणसं दगावतात : फेडर शून्यावर असतानाही ट्रायॅक थोडा करंट गळू देतो, आउटपुट जिवंत असतं. बल्ब बदलताना त्या चॅनेलचा एमसीबी खाली करा, टॉप सॉकेटमधून काढा, मगच हात घाला.

धागाकर्ता

खूप आभार. परवानाधारक ठेकेदाराशी बोललो. महावितरणकडे मंजूर भार १० किलोवॉटच आहे असं बिलावरून कळलं, म्हणजे १८ चालवायचा विषयच नाही. भार वाढवून मिळेपर्यंत दोन पॅक दोन फेजवर, चार-चार पार, आणि साउंड तिसऱ्यावर असं ठरवतोय. मग न्यूट्रल किती जाड घ्यावा?

प्रतिसाद

तोच १६. दोनच फेज असतील तर न्यूट्रलमध्ये खोडणारा तिसरा नाही, अगदी पूर्ण तेजावरही तो फेजइतका भरतो. केबल बदलल्यावर सगळे फेडर अर्ध्यावर ठेवून तासभर चालवा, मेन बंद करा आणि ठेकेदाराला न्यूट्रलचा प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळायला सांगा. टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या, तोंडी नको.