एटना : उत्तरेकडून चढा
इटलीतल्या सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीवर सायकल न्यायची, पण दक्षिणेकडच्या निकोलोसी गावाहून वर रिफ्युजिओ सापिएन्झा या पर्यटकांच्या ठिकाणी जाणाऱ्या टूरिस्ट बसेस नकोत, असं कुणी विचारलं तर माझं मत सरळ आहे, उत्तरेकडून जा. लिंग्वाग्लोसा गावाहून वर पियानो प्रोव्हेन्झाना या ठिकाणापर्यंत, साधारण ५५० मीटर उंचीवरून १८०० मीटरपर्यंत, बराचसा रस्ता पाइनच्या जंगलातून जातो, सावली मिळते आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तर स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येतो. वर पोचलात की २००२ चा लाव्हा दिसतो, तिथली हॉटेलं त्याच उद्रेकात गेली. काळा खडबडीत दगड आणि त्यात उभी राहिलेली पांढरी वाळकी खोडं, मी तिथे सायकल टेकवून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

एक मात्र नक्की सांगेन, उतरताना राखेकडे लक्ष ठेवा. ही राख चुलीतल्यासारखी मऊ नसते, बारीक काळी खडी असते आणि वळणाच्या कडेला साचते, त्यावर ब्रेक दाबला की चाक सटकलंच, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. ताजी राख पडली की खालच्या गावांत दुचाकींना बंदीसुद्धा घालतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी चौकशी कराच. आणि विंडचीटर उन्हाळ्यातही घ्या.