मदत हवी आहे: गिनीपिग बघणारा जाणकार पशुवैद्य कसा ओळखायचा?

मादी, वय २ वर्षे. आठवड्यात वजन ८२० वरून ७५० ग्रॅमवर आलंय. गवत दिसलं की धावत येते, काडी तोंडात घेते आणि टाकून देते. हनुवटी ओली, लेंड्या बारीक. कुत्री-मांजरी बघणारे डॉक्टर म्हणाले, पुढचे दात ठीक आहेत. गिनीपिगचा डॉक्टर फोनवर कसा पारखायचा? तोवर घरी काय करू?

प्रतिसाद १
दाढांचं दुखणं वाटतंय. गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढतात. खालच्या दाढा आत कलल्या की जिभेवर कमान होते आणि गिळता येत नाही. पुढचे दात बघून यातलं काहीच कळत नाही. ऑटोस्कोप (कान तपासायचं दिव्याचं उपकरण) लागतो, नीट बघायचं तर भूलही.

फोनवर दोन प्रश्न विचारा. भुलीआधी किती वेळ उपाशी ठेवता? 'रात्रभर' म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधा. या प्राण्याला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडं मंदावतं. दुसरा प्रश्न: तोंडावाटे कोणतं अँटिबायोटिक देता? अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन हे उत्तर आलं तर नकोच. पोटातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जनावर दगावू शकतं. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ऐकू यायला हवं.

'एक्झॉटिक'च्या (कुत्री-मांजरी सोडून इतर पाळीव प्राणी) पाटीवर जाऊ नका, त्यात पोपटही येतात. गिनीपिगचा कुणी नसेल तर सशांच्या दाढा घासणारा डॉक्टर चालेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण शोधाशोधीत दिवस घालवू नका. १२ तास काहीच खाल्लं नाही तर तातडीची वेळ समजा.

तोवर पेलेट (गिनीपिगच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा. १ मिलीची सिरिंज, टोक थोडं कापून कड गुळगुळीत केलेली, पुढच्या दातांमागे बाजूने घाला. एका वेळी पाव-अर्धा मिली, चावू द्या, मग पुढचा घास. उताणं धरून भरवू नका, लगदा श्वासनलिकेत जातो. तिच्या वजनाला दिवसाला ४० ते ६० मिली, पाच-सहा वेळांत विभागून. क जीवनसत्त्व रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिग्रॅ, थेट तोंडात. पाण्यात टाकलं तर त्याचा जोर जातो. वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्या, घरातलं काही देऊ नका.

वजन रोज ठरल्या वेळी करा आणि ती नोंद सोबत न्या. दवाखान्यात पिंजरा कुत्र्यांपासून लांब ठेवा, आत गवत असू द्या.