वाचायला शिकवणाऱ्या बाहुल्या: नुसता आठवणींचा उमाळा, की त्यांना खरंच जमत होतं?

पाटीपेन्सिल: आजची अक्षरगाणी बघून जीव तुटतो. अक्षर येतं, नाचतं, मूल ते नीट पाहीपर्यंत दुसरं हजर. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातल्या बाहुल्या अडखळायच्या, चुकायच्या आणि घरात बसलेलं पोर ओरडायचं, "अगं, ते नाही!" शिकणारं मूल तेवढ्यापुरतं शिकवणारं व्हायचं. १९६९ मध्ये प्रसारणाआधी मुलांना चाचणी भाग दाखवले, तर पडद्यावर नुसती माणसं आली की त्यांचं लक्ष उडायचं. बाहुल्या आणि माणसं वेगळी ठेवा, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. तो सल्ला बाजूला सारून बिग बर्ड आणि ऑस्कर या बाहुल्या थेट कार्यक्रमातल्या रस्त्यावर, माणसांमध्ये आल्या.

उंबरठा: मूल ओरडलं तरी टीव्हीला कुठे ऐकू येतं? बरोबर सांगो की चूक, बाहुली पुढे जातेच. १९७५ मध्ये थॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या मूल्यमापनाचे आकडे पुन्हा तपासले. ज्या घरांना कार्यक्रम बघा म्हणून मुद्दाम प्रोत्साहन दिलं होतं, तिथे फायदा ठळक होता. एरवी बराच कमी. मला तरी यात मोठ्या माणसांचा हात दिसतो, बाहुलीचा नाही.

पाटीपेन्सिल: मग कर्नी आणि लेव्हीन यांचा २०१५ चा अभ्यासही बघा. अमेरिकेच्या काही भागांत हा कार्यक्रम यूएचएफ वाहिनीवर (त्या लहरी तेव्हा घरोघरी नीट पोहोचत नसत) असल्यामुळे नीट दिसतच नसे. जिथे दिसायचा, तिथली त्या काळात शाळेत गेलेली मुलं वयाप्रमाणे योग्य इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. तिथे कुणी दारोदार जाऊन प्रोत्साहन दिलं नव्हतं.

उंबरठा: योग्य इयत्तेत असणं म्हणजे वाचता येणं नव्हे. आणि ती मुलं पुढे किती शिकली, याबद्दल त्याच अभ्यासात ठाम निष्कर्ष नाही.

कानामात्रा: दोघंही बाहुलीभोवतीच फिरताय. 'द इलेक्ट्रिक कंपनी' या वाचन शिकवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमातल्या (१९७१) समोरासमोरच्या दोन सावल्या आठवा. एकीच्या तोंडून शब्दाचा पहिला आवाज, दुसरीच्या तोंडून उरलेला, मग दोघी मिळून अख्खा शब्द. अक्षरंही तशीच तोंडातून निघून एकमेकांना जुळायची. बाहुली नाही, गोष्ट नाही, तरी वाचताना नेमकं काय घडतं ते डोळ्यांसमोर! मला अजूनही यापेक्षा सुंदर धडा माहीत नाही. बाहुली मुलाला बसवून ठेवते. वाचायला शिकवतो तो पडद्यावरचा शब्द.

पाटीपेन्सिल: बसवून ठेवणं लहान काम आहे का? 'बिट्वीन द लायन्स' या बाहुल्यांच्या कार्यक्रमात (२०००) ग्रंथालयात राहणारं सिंहाचं कुटुंब होतं. त्या बछड्यांना पुस्तकाची ओढ होती, आणि शब्दही पडद्यावर ठसठशीत दिसायचे. मोठी माणसं "वाच" म्हणतात. बाहुली स्वतःच वाचायला धडपडते, आणि मुलाला ती आपल्यातली वाटते.

उंबरठा: ओढ लागते, मान्य. पण शेजारी पुस्तक घेऊन बसलेलं माणूस मूल अडलं की थांबतं. टीव्ही थांबत नाही. मी मेहनत त्या माणसावर घेईन.

पाटीपेन्सिल: आणि ज्या घरात वाचून दाखवणारं कुणीच नाही, तिथल्या मुलाचं काय? 'सेसमी स्ट्रीट' मुख्यतः गरीब घरांतली, शाळेआधी काहीच न मिळणारी मुलं नजरेसमोर ठेवून काढला होता. त्यांच्यासाठी तुमच्याकडे आज काय आहे, ते सांगा.