देहविक्रीच्या जाहिरातींतली मानवी तस्करी मशीनने ओळखावी का?

रातकिडा:
ओळखावी, असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेत डार्पाने, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, २०१४ मध्ये मेमेक्स हा इंटरनेटवर खोलवर शोध घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्याचं पहिलं लक्ष्यच हे होतं. समजा, तीन शहरांतल्या जाहिराती आहेत. नावं वेगळी, वयं वेगळी, पण स्पेलिंगची एक चूक सगळीकडे तीच आणि फोन नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ. हजारो जाहिराती उपसून हे कुणाच्या नजरेला पडणार?

शंकेखोर:
चूक तीच म्हणजे लिहिणारा तोच, इथवर ठीक. तो दलालच कशावरून? स्वतःच्या मर्जीने हे काम करणाऱ्या दोघीतिघीही सोबतीसाठी एकच फोन, एकच मजकूर वापरतात. शिवाय मशीनला शिकवलं कोणी? २०१७ च्या ट्रॅफिकिंग-१०के या मशीनला शिकवण्यासाठीच्या संचात दहा हजारांवर जाहिरातींना लेबलं लागली, ती तज्ज्ञांना वाचून किती संशय आला त्यावरून. म्हणजे मशीन तस्करी शिकलं नाही, तज्ज्ञांचा संशय शिकलं.
आता गणित करा. लाख जाहिरातींत शंभर तस्करीच्या धरा. मॉडेल, म्हणजे असं शिकवलेलं मशीन, तस्करीच्या आणि बाकीच्या अशा दोन्ही जाहिराती ओळखण्यात ९५ टक्के अचूक. सापडतील ९५, आणि नाहक बोट दाखवलं जाईल ४,९९५ जाहिरातींकडे.

रातकिडा:
गणित बिनचूक. पण ती यादी घेऊन थेट धाड घाला असं म्हणतंय कोण? पुढचा तपास माणसानेच करायचा. ट्रॅफिककॅम हे अ‍ॅप बघा. प्रवासी त्यात हॉटेलच्या खोलीचे फोटो टाकतात, मग पलंगाचा हेडबोर्ड, गालिच्याची नक्षी जुळवून जाहिरातीतली खोली कुठली ते शोधता येतं.

शंकेखोर:
त्याला माझा विरोध नाहीच. ते खोली ओळखतं, बाईच्या मनात काय आहे ते ओळखल्याचा आव आणत नाही. माझं भांडण गुण देणाऱ्या मॉडेलशी आहे. ‘संशय ०.८७’ असा आकडा समोर आला की तपासणाऱ्याचा कल तिथेच ठरतो.

उंटावरचा:
मध्येच तोंड घालतो. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत बॅकपेज ही अशा जाहिरातींची वेबसाइट सरकारने बंद पाडली, तेव्हा जाहिराती संपल्या नाहीत, विखुरल्या. काही परदेशी सर्व्हरवर गेल्या. तुमचं मॉडेल जिथे पोचतं तेवढंच त्याला दिसणार. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अंदाज बघा: सक्तीच्या श्रमात २ कोटी ७६ लाख माणसं, त्यांतली लैंगिक शोषणात ६३ लाख. बाकीच्यांसाठी कुठलं मॉडेल? त्यांना फसवणारी जाहिरात साध्या नोकरीची असते.

रातकिडा:
मुद्दा चांगला आहे, पण तिथे मशीनने पकडायचं काय? ‘पासपोर्ट आम्ही काढून घेऊ’ असं जाहिरातीत कोणी छापत नाही.

शंकेखोर:
मग देहविक्रीच्या जाहिरातीत तरी कुठे छापतात?