गमबूट कोणते घेता? अनुभव सांगा (रात्रीचं पाणी, साप वगैरे)

मोहोळकर: काल भावाचा फोन आला. पाचट गोळा करताना घोणस निघाली, बुटावर तोंड मारून गेली. पायाला काही नाही. लगेच आमचे आबा आठवले. रात्रीची लाईट आली की धोतर खोचून अनवाणीच उसात दारं धरायचे. कुकरच्या शिट्टीसारखं फुसफुसलं की मला म्हणायचे, "तू थांब तिथंच, मी वरच्या बांधानं येतो." आता मलाच रानात उतरायचंय. कोणते बूट टिकतात, कोणते चावतात?

बार्शीची_सून: एक नंबर मोठा घ्या भाऊ. ह्यांनी मापाचे आणले, जाड मोज्यावर टाच अडकली. दोघांनी ओढले, सासूबाई हसून हसून खाली बसल्या 😄

काळंरान: पीव्हीसी स्वस्त, पण उन्हात बांधावर टाकले की घोट्याजवळ घडी पडते तिथंच चिरतात. रबरी मऊ, पैसे जास्त. दुकानात उकिडवं बसून बघा, वरची कड पोटरीत रुतली तर ठेवून द्या. तळाच्या खाचा रुंद पाहिजेत, नाहीतर काळी माती भरली की पाय उचलत नाही.

डाळिंबवाला: मे महिन्यात घालून दाखवा की बे! ४२ डिग्रीत आत तळं साचतं.

काळंरान: सुती मोजे दोन जोड ठेव, दुपारी बदल. बूट सावलीत उलटे टांग.

रानवेडा: ऑनलाइन शिकारीचे बूट दिसतात, उंच. घेऊ का?

नान्नजकर: शिकारीचं नाव काढू नको बाबा, १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आहे, आणि आमच्याकडं माळढोकचं अभयारण्य. बूट चालतील, पण निओप्रीनचं, म्हणजे जाड फोमसारख्या रबराचं, अस्तर नको. ते बर्फाच्या मुलखातलं, इथं पाय शिजेल.

सिस्टर_ताई: ड्यूटीवर आहे, घाईत लिहिते. रानात चावे बहुतेक पावलाला नाहीतर घोट्याला, म्हणून गुडघ्याखालपर्यंत उंच घ्या, थोडे सैल. तरी घोणशीचे दात लांब असतात, बूट आहे म्हणून पाचटात बिनधास्त पाय घालू नका. बॅटरी हवीच. चावलंच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच इंजेक्शन. मण्यार तर रात्री अंथरुणात येते, तिथं बूट काय करणार? खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचा.

बार्शीची_सून: आणि घालायच्या आधी झटका!! आमच्या बुटातनं विंचू निघाला, हे अजून तो जोड घालत नाहीत.

डाळिंबवाला: मग तो जोड मला द्या वहिनी, नऊ नंबर आहे का?

काळंरान: ताई, आईचे टाके कधी काढायचे?

सिस्टर_ताई: उद्या दहाला आणा, फाईल विसरू नका. आणि हुरडा आला असेल तर तोही.

काळंरान: पाखरांनी ठेवला तर आणतो.