ग्रीक तेवढे सुसंस्कृत, रोमन तेवढे रानटी?

खडूस वाचक: काल एका धाग्यावर वाचलं, "सुटीच्या दिवशी ग्रीक माणूस नाटक बघायचा आणि रोमन माणूस रक्त." खाली वाहवांची रांग. राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

पॅन्क्रेशन, म्हणजे ती कुस्ती आणि ठोसेबाजी एकत्र असलेली झुंज, कुणाचं हो? ग्रीकांचंच ना? चावायचं नाही, डोळ्यांत बोटं खुपसायची नाहीत, बाकी सगळं माफ. इ.स.पू. ५६४ च्या ऑलिंपिकमध्ये अरिकिऑन नावाच्या मल्लाचा गळा आवळला जात होता. त्याने समोरच्याचा पाय मुरगळून त्याला शरण आणलं आणि तिथेच जीव सोडला. विजयाचा मुकुट प्रेताला घातला. घ्या तुमची संस्कृती.

उंटावरची शेळी: ते वाक्य माझंच, आणि अजूनही तेच म्हणणं आहे. अरिकिऑन मेला तो अपघात. रोममध्ये मरण हाच कार्यक्रम होता. सम्राट टायटसने इ.स. ८० मध्ये कोलोसियम खुलं केलं तेव्हा शंभर दिवस खेळ चालले. आणि नाटकांचं म्हणाल तर रोमन नाटककार टेरेन्सचं 'हेकिरा' आठवा. पहिल्या खेपेला लोक दोरीवरच्या कसरतीच्या नादाने पांगले. दुसऱ्या खेपेला ग्लॅडिएटर येणार अशी हूल उठली आणि प्रयोग बंद पडला!

खडूस वाचक: तिसऱ्या खेपेला, इ.स.पू. १६० मध्ये, तेच नाटक पूर्ण झालं. ते बरं गाळलंत. आखाड्यातल्या दुपारच्या कत्तलीवर तत्त्वज्ञ सेनेकाने कोरडे ओढलेत, तोही रोमनच.

उंटावरची शेळी: एक सेनेका. आणि बाकी गच्च भरलेल्या पायऱ्या?

पहाटेचा प्रवासी: अहो, रोमन माणूस रोज संध्याकाळी कोलोसियमला जायचा का? रोजचा विरंगुळा म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. सेनेका अशाच एका स्नानगृहाच्या वर राहायचा. वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, मालिशवाल्याची चापटपोळी, बगलेतले केस उपटणाऱ्याच्या आरोळ्या, सॉसेज विकणारे... सगळं पत्रात लिहून ठेवलंय.

अवांतर: आमच्या खाली जिम आहे. पहाटे साडेपाचला डंबेल आपटतात आणि माझ्या भांड्यांचं कपाट थरथरतं. तीन अर्ज दिले.

लिंबूटिंबू: आमच्याकडे झुंबा!! "वन मोअर, वन मोअर" ऐकून पोपट तेवढंच बोलायला लागलाय.

सरळमार्गी: मी स्वतः पहाटे जिमला जातो. लोकांनी व्यायामच करू नये का? सेनेकाने त्याच पत्रात म्हटलंय की आत शांतता असेल तर बाहेरच्या गोंगाटाने काही बिघडत नाही. ध्यान करा.

पहाटेचा प्रवासी: पत्र शेवटपर्यंत वाचलंत का? शेवटी तो सरळ तिथून बिऱ्हाड हलवायचं ठरवतो. ध्यान करा म्हणे! या एक दिवस, आमच्या पलंगावर बसून करून दाखवा.

खडूस वाचक: धागा ग्रीक-रोमनांवर आहे. डंबेलसाठी वेगळा काढा.

उंटावरची शेळी: राहू द्या की, रंगलाय. तुमच्या रोमनांबद्दल एवढं मान्य करते, तिसऱ्या खेपेला का होईना, नाटकाला बसले. अभिनंदन.

खडूस वाचक: आभार. कसरतवाला आला नव्हता म्हणून बसले असतील, हेही म्हणून टाका.

उंटावरची शेळी: तुम्हीच म्हणालात.

पहाटेचा प्रवासी: सेनेकाचं सोपं होतं हो. माझे अजून अकरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत.